चकव्याचा वळसा

बंदरावर बर्फ विकता विकता हॉटेलमालक झालेल्या बर्फवाल्याला आमची होडी त्याच्या हॉटेलच्या अंगणात ठेवायची होती. हिरवळीवर, आत माती भरून, आणि मातीत फुलझाडं लावून. दोन्ही काठांना दिव्यांच्या माळा. हे त्याने आमच्याच ओट्यावर बसून, आमचाच चहा पीत सांगितलं, आणि सांगताना बोटांनी हवेत फुलंसुद्धा उमलवून दाखवली.

"पाहुणे फोटो काढतील तिच्यात बसून," तो म्हणाला. "पाण्यात कुजण्यापेक्षा बरं नाही का?"

सासरे जाळ्याचं भोक सांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. "फुलं कुठली?" एवढंच विचारलं.

बर्फवाला गडबडला. "कुठलीही. लाल लावू."

"लाल नको," सासरे म्हणाले आणि पुढची गाठ मारायला लागले.

बर्फवाला खूश होऊन गेला. रंगावर आलं म्हणजे सौदा झालाच, असं त्याला वाटलं असणार. मी दाराआडून ऐकत होते आणि आतल्या आत उकळत होते. सासऱ्यांचं बोलणं असंच असतं. हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. माणसाला भलत्याच रस्त्याला लावून आपण मोकळे होतात. गावात त्यांना 'चकवा' म्हणतात ते उगीच नाही.

हे नाव खरं तर त्यांच्या होडीमुळे पडलं. इथला कुठलाही मासेमार आपली मासे मिळायची जागा दुसऱ्याला सांगत नाही. विचारलं तर खोटं सांगतो, आणि विचारणाऱ्यालाही ते खोटं असल्याचं ठाऊक असतं, त्यामुळे कुणी रागावत नाही. सासऱ्यांनी मात्र तोंडाने कधी खोटं सांगितलं नाही. ते होडीनेच खोटं बोलायचे. बंदरातून बाहेर पडलं की डावीकडे, काळ्या खडकांच्या दिशेने जायचं. धक्का आणि धक्क्यावरची माणसं टेकाडाआड गेली, की मग लांबलचक वळसा घालून खऱ्या जागेकडे. येतानाही तसंच, तिसऱ्याच दिशेने, टोपली भरलेली असली तरी तोंड पाडून. माझ्या नवऱ्याने मिसरूड फुटायच्या आधीपासून बापासोबत हा वळसा घातला होता. त्याला ती वाट सरळच वाटायची.

मग समुद्रात पवनचक्क्या आल्या. आधी मोठी जहाजं, मग तळाशी ठोकलेले खांब, मग त्या खांबांवर पाती. जिथे त्या उभ्या राहिल्या तिथे जाळं टाकायला बंदी झाली, आणि आमची जागा नेमकी त्यांच्या मधोमध. बाकीच्या होड्या इकडेतिकडे सरकल्या. आमची धक्क्याला बांधली गेली ती बांधलेलीच राहिली. नवरा दुसऱ्यांच्या होडीवर मजुरीला जायला लागला. सासऱ्यांनी आपलं स्टूल फिरवून घेतलं आणि ते समुद्राकडे पाठ करून बसायला लागले.

मी मात्र बघायची. मी डोंगरापलीकडची, जिथे विहिरीचं पाणी पाहायलाही वाकावं लागतं. लग्न होऊन आले तेव्हा होडीत पाय ठेवला की पोटातलं सगळं बाहेर यायचं, म्हणून बायकांनी माझं नाव 'कोरडी' ठेवलं. पण मला समुद्राचं कौतुक फार. गच्चीवर कपडे वाळत घालताना माझी नजर त्या पांढऱ्या पात्यांवर जायची. सगळ्या चक्क्या फिरत असताना डावीकडची एक मधेच थांबायची. वारा तोच, मग ही एकटीच का थांबते? नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "दमत असेल." सासऱ्यांना विचारलं तर ते पाठ फिरवायला गेले, पण ती आधीच फिरवलेली होती.

गच्चीवरच्या दोरीला मी वल्ह्याचा टेकू दिला होता. वल्हं सासऱ्यांचं. लांब, गुळगुळीत, मुठीशी काळं पडलेलं. ते नुसतं वल्हवायचं वल्हं नव्हतं. जागेवर पोचलं की इंजिन बंद करायचं, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐकत बसायचं. मासे आवाज करतात. कुणी टकटक करतं, कुणी कुरकुर. त्यावरून खाली काय आहे, किती आहे, ते कळतं आणि मगच जाळं सुटतं. हे ऐकणं सासऱ्यांनी कुणाला दिलं नाही, पोटच्या पोरालाही नाही. खांब ठोकत होते त्या दिवसांत ते एकदा ऐकायला गेले आणि वल्हं कानाला लावताच थोबाडीत बसल्यासारखे मागे पडले. नवऱ्याने मला हे हळू आवाजात सांगितलं होतं. त्यानंतर वल्हं घरी आलं. मी विचारलं, "बाबा, दोरीला लावू का?" तर म्हणाले, "लाव. लाकूडच तर आहे."

बर्फवाला येऊन गेला त्याच आठवड्यात बंदर कार्यालयाच्या मॅडमनी गावाला बोलावलं. पवनचक्क्या बघायला लोक येणार होते. त्यांना आणायचं, पण गावाचं गावपण मोडू द्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. पाहुण्यांनी गावातच राहायचं, गावातल्याच घरी जेवायचं, आणि गावच्याच होडीतून जायचं. धूर नको, आवाज नको. होडी बॅटरीवर चालणारी हवी. बॅटरी भरायची पेटी धक्क्यावर बसवणार, आणि त्या पेटीतली वीज येणार त्याच पवनचक्क्यांची. एका वेळी मोजकीच माणसं. सोबत माहिती सांगणारं कुणीतरी गावातलं.

"आणि गावातली होडी चाचणीत पास झाली नाही तर?" बर्फवाल्याने विचारलं. त्याची शहरात मोठी चकचकीत बोट होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"तर दुसऱ्या अर्जाचा विचार करावा लागेल," मॅडम म्हणाल्या.

मोकळी होडी फक्त आमची होती. म्हणजे गोष्ट साधी होती. पास झालो तर होडी पाण्यात, नाहीतर फुलं. सुकाणू धरायला मात्र होडी चालवण्याचा सरकारी दाखला लागत होता, आणि तो घरात एकट्या सासऱ्यांकडे. नवऱ्याची परीक्षा पुढे कधीतरी व्हायची होती.

त्या रात्री जेवताना नवऱ्याने विषय काढला. "बाबा, एकदाच. चाचणीपुरतं."

सासरे बराच वेळ चावत राहिले. "काय दाखवायचं लोकांना तिथे?"

"पवनचक्क्या."

"त्या इथूनही दिसतात. हिला विचार, दिवसभर गच्चीवर असते."

"जवळून दाखवायच्या," मी म्हणाले. "मलाही बघायच्यात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू उलट्या करशील."

"करीन. पण बघून करीन."

ते हसले नाहीत, पण हात धुताना म्हणाले, "लाल फुलांपेक्षा माणसं बरी."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही होडीला लागलो. जुनं इंजिन काढायला दोरखंड आणि कप्पी लावली. शेजारचे दोघे मदतीला आले, तरी एक बोल्ट गंजून असा बसला होता की नवऱ्याच्या बोटांची सालं निघाली. इंजिन वर आलं तेव्हा त्याच्याखालची फळी काळीकुट्ट, तेल पिऊन मऊ झालेली. ती मी खरवडली. मग सोडा घातलेलं उकळतं पाणी ओतून आख्खी होडी घासली. गुडघ्यांना वळ उठले, नखं झिजली, तरी वास जाईना. माशांचा वास लाकडाच्या पोटात शिरलेला. मी नाक लावून लावून दमले. बायका येऊन बघायच्या आणि म्हणायच्या, "कोरडे, अगं आता होडीच खाऊन टाक." बसायला बाकं ठोकली, त्यावर निळा रंग दिला. माहिती सांगायचं काम मी मागून घेतलं, म्हणून मला निळा सदरा मिळाला, पाठीवर 'मार्गदर्शक' लिहिलेला. तो मी साडीवर घातला तेव्हा सासऱ्यांनी हसू दाबायला तोंडावर हात ठेवला. माझा चेहरा पडला, पण मी सदरा काढला नाही.

नवी मोटर बसली त्या दुपारी सासरे होडीत उतरले. अनवाणी उभे राहिले. नवऱ्याने बटण दाबलं.

"चालू कर," सासरे म्हणाले.

"चालूच आहे, बाबा."

"मग माझ्या पायाला का कळत नाही?"

आयुष्यभर त्यांनी इंजिन तळव्यांनी ओळखलं होतं. कुठे अडतंय, कुठे तापतंय, सगळं पायातून वर यायचं. आता फळी गप्प होती. होडी बंदरातल्या पाण्यात हळूच पुढे सरकली. त्यांनी दोनदा पाय आपटून पाहिला. मग मान तिरकी केली.

"पाणी वाजतंय," ते म्हणाले. "फळीला पाणी लागतंय ते वाजतंय. लहानपणी ऐकलं होतं." आणि पुढे काही न बोलता बंदरात आणखी एक फेरी मारली. मी धक्क्यावरून बघत होते. त्यांचा चेहरा एखाद्या नव्या वस्तूची झाकणं उघडून पाहणाऱ्या माणसाचा होता. मला बरं वाटलं. आतून काहीतरी सुटलं त्यांचं, असं वाटलं.

चाचणीच्या सकाळी मी गच्चीवर गेले तर दोरी खाली लोळत होती आणि धुतलेले कपडे धुळीत. वल्हं जागेवर नव्हतं. मी कपडे पुन्हा धुवायला टाकले आणि कुणालाही काही बोलले नाही.

पाहुणे चारच होते. घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेले एक आजोबा, त्यांची बहीण, आणि नवं लग्न झालेलं एक जोडपं जे बहुतेक वेळ एकमेकांचे फोटो काढत होतं. मॅडम हातात टॅब घेऊन पुढच्या बाकावर बसल्या. टॅबवर निळी रेघ होती, बंदरापासून पवनचक्क्यांपर्यंत, पट्टीने आखावी तशी सरळ. होडीने त्या रेघेवरून जायचं आणि यायचं.

धक्क्यावर गर्दी जमली होती. पुढे भोंगा उभा होता. भोंगा म्हणजे सासऱ्यांच्या वयाचा दुसरा मासेमार. त्याला हळू बोलता येत नाही आणि त्याच्याशी सासऱ्यांची उभी हयात चढाओढ. त्याच्या शेजारी बर्फवाला, हाताची घडी घालून.

"चकव्या, माणसं घेऊन चाललास, बुडवू नको रे," भोंगा ओरडला.

सासऱ्यांनी दोर सोडला. आम्ही निघालो. मी उभी राहिले, एका हाताने बाकाला घट्ट धरलं, दुसरा पवनचक्क्यांकडे केला आणि पाठ केलेलं सुरू केलं. "नमस्कार. समोर आपल्याला ज्या पवनचक्क्या दिसत आहेत, त्यांची उंची..."

उंचीचा आकडा सांगेपर्यंत माझ्या हाताखालून पवनचक्क्या निसटल्या होत्या. मी हात सरकवला. त्या आणखी सरकल्या. पोटातही काहीतरी सरकत होतं, म्हणून मला वाटलं आपलंच डोकं फिरतंय.

"ताई," बहीणबाई म्हणाल्या, "तुम्ही दाखवताय तिकडे खडक आहेत."

खरंच, काळे खडक होते. मॅडम टॅबकडे बघत होत्या. "आपण मार्गावर नाही आहोत," त्या म्हणाल्या.

नवरा मागे धावला. "बाबा, कुठे चाललोय आपण?"

"कुठे म्हणजे?" सासरे म्हणाले आणि तिथेच थांबले. त्यांनी सुकाणूवरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. हात डावीकडे वळलेला होता. मागे धक्का टेकाडाआड जायच्या बेतात होता. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं.

"धक्क्यावर माणसं उभी होती," ते पुटपुटले. "माणसं बघत असली की हात आपोआप..."

मॅडमचा आवाज चढला नाही. त्यामुळे जास्त भीती वाटली. "हे बघा, काका. ठरलेला मार्ग सोडणं ही मोठी चूक आहे. मी एकदा सूचना देऊ शकते, ती दिली. आता जाताना किंवा येताना पुन्हा मार्ग सोडलात तर मला नापास लिहावं लागेल. माझ्या हातात काही राहणार नाही."

"सरळ जातो," सासरे म्हणाले.

होडी वळली. माझं पाठांतर पार उडालं होतं. उंची, वजन, काही आठवेना. घड्याळवाल्या आजोबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "पण आपण तिकडे गेलो का होतो?"

मी मॅडमकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग ठरवलं की जे होईल ते होईल. सगळं सांगून टाकलं. मासेमार आपली जागा कशी लपवतात, माझे सासरे होडीने खोटं कसं बोलतात, त्यांचं नाव काय पडलंय. बहीणबाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा घसरला. जोडप्याने फोटो काढणं थांबवलं. मॅडमसुद्धा टॅबमागून ऐकत होत्या.

"म्हणजे तुमची जागा तिथे होती? त्या खांबांमध्ये?" बहीणबाईंनी सासऱ्यांना थेट विचारलं.

असा प्रश्न या गावात कुणी विचारत नाही.

"होती," सासरे म्हणाले.

"आणि मासे? अजून आहेत तिथे?"

"माहीत नाही."

"जाऊन बघितलं नाहीत?"

"नाही."

"का बरं?"

सासरे पाण्याकडे बघत राहिले. "नसले तर?" ते म्हणाले.

मला एकदम उमगलं की हा माणूस खांबांवर रुसून पाठ फिरवून बसला नव्हता. तो घाबरला होता. इतके दिवस मी ते स्टूल बघत होते आणि मला ते कळलं नव्हतं.

पवनचक्क्या जवळ आल्या तशा वाढतच गेल्या. गच्चीवरून त्या टाचणीएवढ्या दिसतात. खाली उभं राहून बघायला मान इतकी मागे करावी लागली की पदर पडला. खालचा भाग पिवळा, आणि पाण्याच्या पातळीला शेवाळाचा हिरवा पट्टा. लाट खाली गेली की शिंपल्यांचे काळे घोस दिसायचे. वरून पात्याची सावली येऊन होडीवरून सरकली आणि आम्ही सगळ्यांनी एकदम डोकी खाली घातली. मग एकमेकांकडे बघून हसलो. मला उलटी यायची आठवणच राहिली नव्हती.

माझी ती डावीकडची आजही थांबलेली होती. मी मॅडमना विचारलं, "ही एकटीच का थांबते?"

"नक्की सांगता येणार नाही. विचारून सांगते," त्या म्हणाल्या. मला हे उत्तर आवडलं. नवऱ्याने दिलं होतं त्यापेक्षा तरी बरं होतं.

"बंद पडलेलं आणि बंद ठेवलेलं, दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं," घड्याळवाले आजोबा म्हणाले आणि डोळे बारीक करून वर बघत राहिले.

पहिल्या रांगेपलीकडे हद्दीची पिवळी तरंगती पिंपं लागली. त्यांच्या आत जायचं नव्हतं. सासऱ्यांनी मोटर बंद केली, तरी काही फरक पडला नाही इतकी ती मुकाट होती. मग त्यांनी बाकाखालून वल्हं ओढून काढलं. माझ्या कपड्यांचा एक चिमटा अजून त्याला अडकलेला होता. तो त्यांनी काढून माझ्या हातात दिला.

पातं पाण्यात गेलं. सासरे गुडघ्यावर बसले, मूठ कानामागे टेकवली आणि डोळे मिटले. नवऱ्याने माझं मनगट पकडलं होतं, त्याची सोललेली बोटं मला टोचत होती. होडी हलत होती, वर पाती हवा कापत होती, सूं करून जायची आणि पुन्हा यायची.

"गुणगुणतोय," सासरे म्हणाले.

"कोण?" बहीणबाईंनी कुजबुजत विचारलं.

"खांब. आतून." त्यांनी मूठ पुन्हा हाडाला दाबली. वल्हं थोडं फिरवलं, आणखी खोल घातलं. मला वाटलं, संपलं.

"आहेत," ते म्हणाले.

"आहेत?" नवऱ्याचा आवाज फुटला.

"पुष्कळ आहेत. भांडताहेत." त्यांनी डोळे उघडले. डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. "जाळं नाही ना इथे. माजलेत नुसते."

आजोबांनी लहान मुलासारखा हात पुढे केला. "मी ऐकू?"

आणि सासऱ्यांनी, ज्यांनी ते वल्हं कधी पोराच्या हातात दिलं नाही, ते मुकाट त्यांच्या हातात दिलं. कुठे टेकवायचं ते बोट लावून दाखवलं. आजोबा ऐकत राहिले, मग म्हणाले, "हे टकटक? हे मासे?" मग बहीणबाईंनी ऐकलं. जोडप्यातल्या दोघांनी आळीपाळीने. नवरा मागे उभा होता, हात मागे बांधून, परक्यासारखा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुण्यांना मिळतं आणि पोराला नाही. मी तोंड उघडणार इतक्यात सासरे त्याच्याकडे वळले.

"तुला नको?"

"तुम्ही कधी दिलंत का?" नवरा म्हणाला.

"तू कधी मागितलंस का?"

दोघांचंही खरं होतं. मग नवरा खाली बसला आणि वल्ह्याला कान लावला. बापाने त्याचं डोकं धरून जरा मागे केलं, "हाडाला लाव, हाडाला," आणि हात तिथेच ठेवला. मी दुसरीकडे पाहिलं.

माझी पाळी आली तेव्हा मला आधी काहीच कळलं नाही. मग लांबून कुणीतरी दळत बसावं तसं गुणगुणणं आलं, आणि त्यावर बारीक, हट्टी टकटक. खाली एक आख्खं गाव नांदत होतं. गच्चीवरून मी इतके दिवस फक्त वरचं बघत होते. शेवटी मॅडमनी टॅब बाकावर ठेवला आणि ओल्या फळीवर गुडघे टेकले. बराच वेळ उठल्या नाहीत. उठल्या तेव्हा म्हणाल्या, "आता परत. सरळ, काका."

"सरळ," सासरे म्हणाले.

येताना वारा पाठीशी होता. धक्का लांबूनच दिसायला लागला आणि त्यावरची माणसंही. कुणी घरी गेलं नव्हतं. निळी रेघ थेट त्यांच्या पायाशी जात होती. प्रत्येक हेलकाव्याला सासऱ्यांचा सुकाणूवरचा हात डावीकडे जायला बघायचा आणि ते त्याला परत ओढायचे.

"मी धरू?" नवऱ्याने विचारलं.

"तुझ्याकडे दाखला नाही," सासरे म्हणाले.

आपल्या जागेवरून, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, होडी नाकासमोर घरी आणायची. भर बाजारातून उघड्या अंगाने चालत जाण्यासारखं होतं ते त्यांना. मला त्यांची फार दया आली. पण होडी रेघेवरून हलली नाही. धक्का आला. होडी टेकली. नवऱ्याने दोर टाकला.

"पास," मॅडम म्हणाल्या. साध्या आवाजात, चहा झाला म्हणावं तशा. बर्फवाल्याने हाताची घडी सोडली आणि तो वळून चालायला लागला. मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी निळ्या सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं.

भोंगा पुढे आला. सासऱ्यांना वर यायला हात दिला. "तिथूनच आलास ना रे सरळ?"

सासरे ताठ उभे राहिले. "हो. तिथेच होती माझी जागा. आता कळली सगळ्यांना."

"आता?" भोंग्याला हळू बोलता येत नसल्यामुळे सगळ्या धक्क्याने ऐकलं. "अरे, आम्हाला आमची लग्नं व्हायच्या आधीपासून माहीत आहे."

सासरे भोंग्याच्या अगदी जवळ गेले.

"मग आला का नाहीत कधी?" त्यांनी विचारलं.

"कसं येणार? तू रोज एवढा मोठा वळसा घालायचास. आम्ही म्हणायचो, बिचारा एवढं डिझेल जाळतोय, तर खाऊ दे मासे त्यालाच."

आधी कुणीच हसलं नाही. मागच्या दोघातिघांनी माना डोलावल्या, तेव्हा कळलं की हे थट्टेतलं नव्हतं. सारं गाव आयुष्यभर त्यांच्यासाठी फसल्याचं सोंग करत होतं. सासरे त्या म्हाताऱ्या तोंडांकडे एकेक करून बघत राहिले. मला भीती वाटली की ते आता घरी जाऊन स्टूल पुन्हा फिरवून घेतील.

त्यांनी वल्हं खांद्यावर घेतलं आणि ते मॅडमकडे वळले.

"मॅडम, परवान्यात जी वाट लिहाल, त्यात आमचा वळसा बसेल का? खडकांकडून जायचा?"

"कशाला, काका? केवढा लांबचा पडतो तो."

"पडू दे," सासरे भोंग्याकडे बघत म्हणाले. "आता कुठे डिझेल जळतंय? वाराच तर आहे."